पाचाच्या तीन गोळ्या

फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. जायकवाडीचं पाणी तिथे यायचं, साफ व्हायचं आणि पंपांनी नक्षत्रवाडीला चढवलं जायचं. तिथून पुढे शहर. शिफ्टभर गेजच्या काट्यावर डोळा ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, फक्त गेज बदलला. सिडकोतल्या घरी दंडाला पट्टा बांधून बसायचं आणि आकडा बघायचा. १७०. १६५. परत १७२. आणि हे पाच गोळ्या चालू असताना. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटोप्रोलॉल आणि शेवटी आलेली स्पायरोनोलॅक्टोन. ही नावं मला आता नातवंडांच्या नावांसारखी पाठ आहेत.

त्रास म्हणाल तर काहीच नव्हता. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. बीपीचं हेच वाईट. फुटलेल्या पाइपलाइनची बातमी निदान रस्त्यावर वाहताना दिसते.

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मूत्रपिंडाच्या नसांवरच्या प्रक्रियेचा विषय लगेच काढला नाही, हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी त्यांनी गुडघ्यासाठी घेत असलेली दुखण्याची गोळी बंद केली. त्या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात. मग ठेचा, पापड, लोणचं. यावर सौ.ने डॉक्टरांसमोरच माझी जी यादी वाचली ती इथे देत नाही. रोज रात्री घोरतो का, मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद तर नाही ना, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन हार्मोन जास्त तर नाही ना, सगळं तपासून झालं. “काका, गोळ्या खरंच रोज घेता ना?” हेही त्यांनी विचारलं, आणि उत्तर मला न विचारता सौ.कडे बघून घेतलं.

शेवटी चोवीस तासांचा पट्टा लावला. हे यंत्र कमरेला अडकवतात. ते दर अर्ध्या तासाला आपणहून दंड आवळतं आणि बीपी नोंदवतं. नेमकं त्या दिवशी बीड बायपासला एक लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू, अक्षता टाकायला हात उचलला आणि पट्टा गुरगुरत फुगायला लागला. मोजताना हात हलवायचा नसतो. म्हणून हात खाली सोडून, मूठ मिटून, ताठ उभा राहिलो. शेजारचे गृहस्थ माझ्या शर्टाच्या बाहीकडे बघत दोन पावलं सरकले. रात्रीही झोपेत आवळणं चालूच. पण त्या कागदावरून कळलं ते दवाखान्यात कधीच कळलं नसतं: निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण दहा टक्के तरी उतरतं, माझं जागचं हलत नव्हतं.

तेव्हा कुठे ‘रीनल डिनर्व्हेशन’ हा शब्द निघाला. डॉक्टरांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि मेंदूकडे जाणाऱ्या रेघा मारल्या. मला ते माझ्या भाषेत लगेच कळलं. आमच्या काळी टाकीवरून फारोळ्याला फोन यायचा, “लेव्हल खाली आहे, पंप वाढवा.” मूत्रपिंडाच्या धमनीभोवती गुंडाळलेल्या नसा हेच काम करतात, आणि फोन दोन्हीकडून चालतो. मेंदूकडून निरोप येतो की बीपी चढवणारं रेनिन सोड, मीठ धरून ठेव, वाहिन्या आवळ. मूत्रपिंडाकडून मेंदूला तक्रार जाते आणि सगळ्या शरीरातल्या वाहिन्यांवरचा ताण वाढतो. काही माणसांत हा फोन विनाकारण खणखणत राहतो. टाकी भरलेली आणि निरोप ‘पंप वाढवा’! धमनीच्या आतून उष्णता देऊन बाहेरच्या थरातल्या त्या तारा जाळायच्या, एवढंच.

“तार तोडली तर मूत्रपिंड चालेल कसं?” माझा पहिला प्रश्न. त्यावरचं उत्तर मला फार आवडलं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवतात तेव्हा रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रनलिका जोडतात, नसा कोणी जोडत नाही. १९५४ साली बॉस्टनला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं तेव्हापासून अशी बिनतारेची मूत्रपिंडं वर्षानुवर्षं काम करताहेत.

बॉस्टनचंच आणखी एक प्रकरण डॉक्टरांनी सांगितलं. बीपीच्या चांगल्या गोळ्या नव्हत्या त्या काळात, १९३०-४० च्या दशकांत, स्मिथविक नावाचे सर्जन पाठ उघडून मणक्याजवळच्या नसाच कापायचे. बीपी उतरायचं. पण पोटापासून खालच्या भागाच्या बऱ्याचशा तारा एकदम गेल्यामुळे माणूस उभा राहिला की घेरी येऊन पडायचा, घामाचं तंत्र बिघडायचं, पुरुषांना नपुंसकत्व यायचं. गोळ्या आल्या आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. आताची प्रक्रिया फक्त मूत्रपिंडाच्या धमनीपुरती असल्यामुळे हे भोग मागे लागत नाहीत.

मुलगा पुण्यात आयटीत. त्याने लगेच शोधून सांगितलं, “बाबा, हे तर फेल गेलंय.” खोटं नव्हतं. २०१० च्या एका अभ्यासात वरचं बीपी सहा महिन्यांत ३२ ने उतरल्याचं आलं आणि जगभर धावपळ झाली. मग २०१४ ला अमेरिकेतला ५३५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात काही जणांना टेबलवर घेतलं, कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घातलं, फोटो काढले आणि नसा न जाळताच बाहेर आणलं. कोणाचं काय झालं हे रुग्णाला माहीत नाही. नसा जाळलेल्यांचं बीपी १४ ने उतरलं, न जाळलेल्यांचं जवळपास १२ ने! पंप दुरुस्त केल्याचं नुसतं सांगितलं तरी काटा खाली यावा, तसं. नंतर कॅथेटर सुधारलं, धमनीच्या फांद्यांपर्यंत नसा जाळायला लागले, पुन्हा तशाच खोट्या प्रक्रियेशी तुलना करून अभ्यास झाले, आणि फरक खरा निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन यंत्रांना मान्यता दिली. एक रेडिओ लहरींचं, दुसरं अल्ट्रासाउंडचं. पण फरक खरा असला तरी लहान आहे. चोवीस तासांच्या मोजणीत सरासरी पाचाच्या आसपास, दवाखान्यातल्या मोजणीत थोडा जास्त. काहींना काहीच नाही, आणि कोणाला गुण येणार हे आधी सांगणारी तपासणी नाही. “गोळ्यांपासून कायमची सुटका” असं जे लोक सांगत फिरतात ते ऐकलं की माझं बीपी वाढतं.

तरी मी तयार झालो. स्पायरोनोलॅक्टोनने छाती दुखरी झाली होती, आणि सहावी गोळी घ्यायची इच्छा नव्हती.

प्रक्रिया मुंबईत झाली. जांघेत भूल देऊन तिथल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवली. झोपेचं औषध दिलं होतं, पण मी पूर्ण बेशुद्ध नव्हतो. कॅथेटरचं टोक धमनीत गेलं की स्प्रिंगसारखं वळतं. त्यावर चार इलेक्ट्रोड, ते आतल्या भिंतीला टेकतात. “काका, आता कमरेत दुखेल,” असं म्हणून चालू केलं की खरंच दुखायचं. कातडीला भाजल्यासारखं नाही. बरगड्यांच्या खाली, खोल, कोणीतरी आतून मुरगाळल्यासारखं, कुठे ते बोटाने दाखवता न येणारं. एक मिनिट. बंद केलं की गायब. मग कॅथेटर हलवायचं, पुन्हा मिनिटभर. डावीकडे झालं, उजवीकडे झालं. दुखण्याचं कारण नंतर समजलं: ज्या नसा जळत होत्या त्यांतल्याच काही वेदनेचा निरोप नेणाऱ्या होत्या. स्वतःच्या मरणाची बातमी शेवटी त्यांनीच दिली.

नंतरचं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे पाय सरळ ठेवून तासन् तास उताणं पडणं. जांघेला हाताएवढा निळा डाग पडला, तो पिवळा होत होत गेला.

आणि बीपी? दुसऱ्या दिवशी १६८. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण नसा गेल्या तरी शरीराची घडी एका रात्रीत बदलत नाही. काटा आठवड्यांनी, महिन्यांनी हलतो. माझा हलला. पुन्हा पट्टा लावला तेव्हा दिवसाचा आकडा १४० च्या खाली होता आणि रात्री तो आणखी उतरत होता. मला स्वतःला रात्रीचं उतरणं दिवसापेक्षा मोठं वाटतं. उभं राहिल्यावर अंधारी आली नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन होतं तिथेच आहे. मीठ-पाण्याचा तोल, लघवीचं प्रमाण, यात मला जाणवेल असा फरक नाही. मेटोप्रोलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन डॉक्टरांनी एकेक करून काढल्या. तीन राहिल्या, आणि त्या राहणार आहेत. यातलं किती नसांमुळे, किती ठेचा सुटल्यामुळे, हे मला कोणी वेगळं काढून दाखवलेलं नाही.

गावात मात्र बातमी वेगळी पसरली. शहागंजला राहणारे आमचे एक जुने लाइनमन घरी आले. त्यांचंही बीपी चार गोळ्यांना दाद देत नाही. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, “साब, मेरा भी वो तार कटवा डालो.” मी त्यांना आधी फाइल आणायला सांगितली. तीन वर्षांच्या रिपोर्टांत पोटॅशियम सारखं कमी, आणि ते उतरवणारी लघवीची गोळी तर त्यांना कधी दिलेलीच नव्हती. मग संशय अल्डोस्टेरॉनवर. मी डॉक्टर नाही, पण पाच गोळ्यांनी एवढं शिकवलंय. त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं. अल्डोस्टेरॉनची तपासणी झाली, ते वाढलेलं निघालं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या अ‍ॅड्रिनलवर लहानशी गाठ दिसली. ती काढायची की गोळीवर भागवायचं, हे अजून ठरायचं आहे. मूत्रपिंडाच्या तारेला हात लावायचं कारण त्यांना उरलेलं नाही.