वेगाचें रिंगण

बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता सुमारें ५० किलोमीटरांचा आहे. वाटेंत घाट नाहीं, डोंगर नाहीं. दोहों बाजूंस उंसाचे फड, मधून मधून कालव्याचें पाणी आणि त्या पाण्यावर वाढलेलीं नांदतीं गांवें. प्रवासवर्णनास शोभतील अशीं रम्य स्थळें येथें थोडींच, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या वाटेच्या कडेला माणसें राहतात, ती वाट पाहणें हेंही एक तीर्थाटनच आहे, अशी माझी समजूत आहे.

प्रारंभ बारामतीपासून करूं. कऱ्हेच्या काठचें हें गांव मराठी वाचकास प्रथम आठवतें तें मोरोपंतांमुळें. नाइकांच्या आश्रयास राहून पंतांनीं येथें आर्यांच्या राशी रचल्या आणि १७९४ सालीं येथेंच देह ठेविला. आज तेथें मोठमोठ्या शिक्षणसंस्था, कारखाने व बाजार आहेत. सकाळीं शाळेच्या वेळीं एखाद्या चौकांत उभें राहावें, तर दुचाक्या, एस. टी. गाड्या, ट्रॅक्टर व डंपर यांच्या गर्दींतून पाठीवर दप्तर घेतलेलीं मुलें वाट काढतांना दिसतात. याच शहरांत २०२५ च्या जुलै महिन्यांत खंडोबानगरच्या चौकांत एक पिता व त्याच्या दोन लहान मुली डंपरखालीं सांपडून गेल्या. त्या घरावर कोसळलेल्या दुःखाची चर्चा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण रस्ता कोणाचा आणि त्यावर वेग किती असावा, याची चर्चा करणें मात्र आपलें कर्तव्य आहे.

बारामती सोडली कीं काटेवाडी लागते. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी या मार्गानें जाते. काटेवाडीस परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचा कळप पालखीभोंवतीं धांवविला जातो. पुढें भवानीनगरचा साखर कारखाना, मग सणसर आणि नंतर बेलवाडी. बेलवाडीचें गोल रिंगण ज्यानें एकदां पाहिलें, तो तें विसरणार नाहीं. मैदानांत वर्तुळ आंखलेलें असतें. टाळकरी, पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आपापल्या जागीं उभ्या असतात. आणि मग अश्व भरधांव सुटतो. एवढा वेग आणि एवढी माणसें एकत्र, तरी सारें निर्विघ्न पार पडतें. कारण धांवणाऱ्याची जागा व उभें राहणाऱ्याची जागा आधींच ठरलेली असते. वेग हें पाप नव्हे. त्याला त्याचें रिंगण लागतें, एवढेंच.

हा मार्ग आतां राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास पंतप्रधानांच्या हस्तें झाला. पायीं चालणाऱ्या वारकऱ्यांसाठीं दोहों कडांस निराळी वाट असावी, अशी त्यांत योजना होती. योजना स्तुत्य खरी. पण वारकरी येथें वर्षांतून चारपांच दिवस चालतात. शाळेंत जाणारें मूल मात्र सुट्ट्या वजा जातां रोज चालतें. रस्ता गांवांतून जावो वा गांवाबाहेरून, शेतवस्तीवरील मुलास तो ओलांडावाच लागतो.

एकदां याच मार्गानें एस. टी.नें जातांना शेजारीं एक बागाईतदार बसले होते. ते म्हणाले, “गुरुजी, रस्ता रुंद केला तो गाड्या धांवण्यासाठींच ना? डाळिंबाचा माल वेळेवर बाजारांत पोंचला नाहीं, तर भाव कोण देणार? आईबापांनीं आपलीं पोरें आवरावींत.” मागच्या बांकावरील एक बाई लगेच म्हणाल्या, “आवरणार कशीं, दादा? आम्ही उजाडल्यापासून रानांत. वस्ती रस्त्याच्या या अंगाला, शाळा त्या अंगाला. पोरानं काय उडत जावं?” लासुर्णें येईपर्यंत दोघांचा वाद चालला होता.

बागाईतदारांचें म्हणणें पोकळ नव्हे. नाशवंत माल, आजारी माणूस, परीक्षेस निघालेला विद्यार्थी, या सर्वांस चांगला रस्ता हवाच. शिवाय किती वेग असावा याविषयीं जाणत्यांतही एकमत नाहीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें चौपदरी रस्त्यांवर मोटारींस ताशीं १०० किलोमीटरांपर्यंत मुभा दिली; २०२१ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें ती अधिसूचना रद्द ठरविली. मात्र वस्तीजवळचा प्रश्न निराळा आहे, आणि तो साध्या गणितानें सुटतो.

चालकास समोरचें मूल दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तेवढ्यांत ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पांचएक मीटरांत थांबते. म्हणजे एकूण १३ मीटर. ताशीं ५० च्या वेगांत मात्र त्या पहिल्या सेकंदांतच मोटार जवळ जवळ १४ मीटर गेलेली असते. पहिली गाडी जेथें उभी राहिली, तेथें दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो! ताशीं १०० वेग असेल, तर थांबण्यास ८० मीटरही अपुरे पडतात. आणि वेग दुप्पट झाला कीं आघाताचा जोर चौपट होतो, हें शाळेंतील पदार्थविज्ञान सर्वांस ठाऊक आहे.

आतां गमावलेल्या वेळाचा हिशेब करूं. वस्तीजवळचा एक किलोमीटर ताशीं ६० नें गेल्यास एक मिनिट लागतें, ३० नें गेल्यास दोन. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णें, अंथुर्णें, शेळगांव, निमगांव केतकी अशीं सात ठिकाणें धरलीं, तरी सर्व मिळून सात मिनिटें होतात. सात मिनिटांत डाळिंब सडत नाहीं.

“मुलांस वळण लावा” हा उपदेश मीं आयुष्यभर केला आणि तो योग्यच आहे. परंतु मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे. समोरून येणारी गाडी किती वेगानें येत आहे, याचा अंदाज मुलास दहाएक वर्षांपर्यंत नीट येत नाहीं. गळिताच्या हंगामांत या रस्त्यावर उंसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. ट्रॅक्टर सावकाश येत आहे असें पाहून मूल पुढें होतें, आणि त्याच वेळीं ट्रॉलीआडून एखादी मोटार त्यास ओलांडून येते. मुलाची उंची ती किती? त्याला मोटार दिसत नाहीं आणि मोटारवाल्यास तें दिसत नाहीं. येथें वळण लावावयाचें तें मोठ्यांस.

हॉलंड देशांत १९७१ सालीं अपघातांनीं तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां “मुलांची हत्या थांबवा” असें म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. पुढें १९७६ पासून तेथें घरांसमोरील कांहीं गल्ल्यांत मोटारीनें माणसाच्या चालीनेंच जावें, असा कायदा झाला. २०२० च्या फेब्रुवारींत स्टॉकहोम येथें जमलेल्या नाना देशांच्या मंत्र्यांनींही, जेथें पादचारी व वाहनें एकत्र येतात तेथें ताशीं ३० हीच मर्यादा असावी, असें जाहीर केलें. आमच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमान्वयें एखाद्या रस्त्यावर वेग कमी ठरवून तसे फलक लावण्याचा अधिकार राज्य सरकारास आहेच. गांवकऱ्यांनीं तो वापरण्याचा आग्रह मात्र धरला पाहिजे.

दुसरी बाजू आपल्या घरांतली आहे. पुण्यास २०२४ च्या मे महिन्यांत अठरा वर्षेंही पूर्ण न झालेल्या मुलानें चालविलेल्या मोटारीखालीं दोन तरुण अभियंते ठार झाले. त्या मुलास प्रथम जामीन मिळाला, तेव्हां अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली होती. लोकक्षोभानंतर तो आदेश बदलला. जन्मभर निबंध तपासलेल्या माझ्यासारख्यास त्या अटीनें हंसावें कीं रडावें हें कळेना. निबंध लिहावयाचाच, तर तो ज्यानें हातीं किल्ली दिली त्यानें! कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, गाडी हांकणारा अल्पवयी असेल तर गाडींत बसलेल्या मालकास दंड करावा, आणि केवळ मूल बसलेली गाडी राजानें हरण करावी. २०१९ सालीं आमच्या कायद्यांत घातलेलें १९९-अ हें कलम पुष्कळसें तेंच सांगतें: पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

निमगांव केतकी मागें पडलें कीं थोड्याच वेळांत इंदापूर येतें. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे येथें रणांत पडले. त्यांची स्मृति गांवानें जपली आहे. वीराचें मरण गांवाला भूषण होतें. शाळेच्या वाटेवर मेलेल्या मुलाचें मरण कोणाचें भूषण नव्हे. त्यास दैव म्हणून मोकळें होण्याची संवय आपण सोडली पाहिजे.

या अंकाचे वाचक सुशिक्षित आहेत; पुष्कळांच्या दारीं मोटार आहे. त्यांस एवढीच विनंति कीं, पुढच्या वेळीं या वाटेनें जातांना वस्ती दिसतांच वेग ३० वर आणावा, गाडींतील नातवंडांस तो कांटा दाखवावा आणि असें कां केलें तें सांगावें. अठरा वर्षें व परवाना या दोन्ही गोष्टी होईपर्यंत घरच्या मुलाच्या हातीं किल्ली देऊं नये. पालखी आली म्हणजे हाच रस्ता चालणाऱ्यांस वाट देतो, आणि त्यानें कोणाचें कांहीं अडलेलें ऐकिवांत नाहीं. पाठीवर दप्तर घेतलेल्या वारकऱ्यासही तेवढाच मान मिळावा.