आप्पांची पिशवी

शिकारीच्या गोष्टी सांगणारे लोक बंदुकीपासून सुरुवात करतात. आमच्या घरी बंदूक सगळ्यात शेवटी भिंतीवरून खाली यायची. आधी पिशवी भरायची.

माझे थोरले काका, आप्पा, मराठा सेंटरमधून पेन्शनीत आलेले. घर बेळगावात शहापूरला, शेती जांबोटीच्या बाजूला. त्या वेळी परवान्यावर शिकार चालायची. भातात डुकरं पडली की गावातनं निरोप यायचा आणि आप्पा पलटणीतली जुनी पिशवी काढून पडवीत बसायचे. आम्ही पोरं भोवती.

कोयता कमरेला. पिशवीत दहा-बारा हात दोरी, दोन पंचे, तंबाखू-मिठाची पुरचुंडी, तीन सेलची बॅटरी. काडेपेटी आणि बॅटरीचे सुटे सेल सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घालून दोन्ही तोंडं सुतळीनं करकचून बांधायची. कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला हे का, ते सांगायला नको. पायात कॅनव्हासचे बूट. आत पाणी शिरतं, तसं निघूनही जातं. कातडी बूट एकदा भिजला की तीन दिवस वाळत नाही. मोजे तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळवलेले, जळवांसाठी. आणि खांद्यावर धनगराकडून घेतलेली घोंगडी. ती भिजली तरी ऊब देते आणि झुडपाला घासली तरी आवाज करत नाही. प्लॅस्टिकचा रेनकोट आप्पांना मुळीच खपायचा नाही. “पापडाचा डबा घेऊन चाललाय जणू,” म्हणायचे.

एकदा मी विचारलं, पंचे दोन कशाला? म्हणाले, “जाताना काय बी चालतंय रे. येताना काय लागंल ते बघून भरायचं.”

काडतुसांच्या बाबतीत तर ते फारच कडक. तेव्हा कागदी नळीची काडतुसं मिळायची. ओल लागली की फुगायची आणि नळीत बसायचीच नाहीत. म्हणून पावसाळ्यात डबा चुलीवरच्या फळीवर, पण धग लागणार नाही इतक्या लांब. हे अंतर आमच्या काकूला बरोबर ठाऊक होतं. डुकराला एलजी, म्हणजे मोजकेच पण जाड छर्रे. चार नंबरात बारीक छर्रे शंभराच्या वर, ते पाखराला आणि सशाला. डुकराला चार नंबर मारलं तर ते मरत नाही, चिडतं.

१९६८च्या दिवाळीत नेमकं तेच झालं. मी तेव्हा पाचवीत, जांबोटीच्या घरी होतो. बेळगावचे एक पाहुणे हौसेनं आले होते. गुडघ्यापर्यंत गमबूट, चकचकीत मुठीचा सुरा, नवी कोरी बंदूक. आप्पांनी त्यांना टोकाच्या जागेवर बसवलं आणि डुक्कर आलं तर हात लावू नका म्हणून बजावलं. हाका उठला, डुक्कर नेमकं त्यांच्यासमोर आलं आणि त्यांनी चार नंबरचं काडतूस ओढलं. डुक्कर उलटं फिरलं ते थेट हाकाऱ्यांत. एकाची मांडी सुळ्यानं गुडघ्यापासून वरपर्यंत उसवली.

पुढचं मला नंतर इतक्यांदा ऐकायला मिळालं की मी तिथंच होतो असं वाटतं. पहिल्या पंचाची घडी जखमेवर दाबली, दुसऱ्यानं आवळून बांधलं. कोयत्यानं दोन बांबू तोडले, घोंगडी त्यांच्यावर दुमडून दोरीनं आवळली, झाली डोली. अंधार पडलेला, दोन ओढे आडवे, चार कोस वाट. बॅटरीचे सेल वाटेत संपले, ट्यूबमधले निघाले. पाहुण्यांचे गमबूट पहिल्याच ओढ्यात पाण्यानं भरले. ते हातात घेऊन अनवाणी चालत आले. ते पडवीत शिरले तेव्हा त्यांच्या पिंढऱ्यांवर चिकटलेल्या जळवा मात्र मी स्वतः पाहिल्या. रात्री लाकडाच्या ट्रकमधनं जखमीला बेळगावच्या सिव्हिलमध्ये नेलं. वाचला. लंगडत का होईना, पुढं वीस-बावीस वर्षं भात लावत होता.

आप्पा उजाडताच परत रानात गेले. ते डुक्कर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडलं. तोवर त्यांनी घरात ताटावर बसायचं नाव काढलं नाही. पाहुण्यांना ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना परत बोलावलंही नाही.

१९७२चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आप्पांनी बंदूक रानात नेणं आपणहून थांबवलं. पुढं १९९१च्या दुरुस्तीत परवान्यावरची शिकारही गेली. मग बंदुकीचं काम एवढंच, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि संपली की आणायची. आप्पा गेल्यावर ती ठेवायची का, यावरून आम्हा भावंडांत बरेच दिवस धुसफूस झाली. धाकट्याला ती भिंतीवर शोभेला हवी होती. काकू म्हणाली, “माझ्या भिंतीवर नको.” परवाना रद्द करून ती रीतसर विक्रेत्याकडे दिली.

पिशवी मात्र रिकामी राहिली नाही. आप्पांनी तिच्यात गळ भरले होते. मलप्रभेवर आम्ही दोघं दर रविवारी. तिथंही तोच हिशेब. तंगूस बारीक घेतला तर मासा बिचकत नाही, पण मरळ लागली तर एका झटक्यात तोडते. म्हणून दोन जाडीचे, वेगवेगळ्या रिळांवर. गळ पाच-सहा, बुचात टोचलेले, म्हणजे बोटात जात नाहीत. शिशाचे तुकडे, तरंडीला ज्वारीच्या ताटाचा गर. काठी वेळूची, आपल्या बेटातली, सावलीत वाळवलेली. उन्हात वाळवली की चिरते. पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात घुसतात, तेव्हा सारा गाव टोपल्या घेऊन धावायचा. आप्पा जायचे नाहीत. पोटात अंडी असतात म्हणायचे. मला ते तेव्हा पटायचं नाही, कारण शेजारच्या घरातनं कालवणाचा वास यायचा.

आता भीमगड २०११पासून अभयारण्य आहे, तिथं गळसुद्धा नेऊ नका. तळ्यांवर बहुतेक ठेका असतो, आधी ठेकेदाराला विचारायचं. आजकालची पोरं ऑनलाइन फायबरची काठी मागवतात. चांगली असते, हलकी, मी पण एक घेतलीय. फक्त तिच्या पिशवीत दोरी, पंचा आणि सुटे सेल बसत नाहीत, म्हणून मी अजून आप्पांचीच पिशवी नेतो. पट्टा दोनदा बदललाय. गांडुळं शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला ओल असते तिथं मिळतात, सकाळी लवकर खणा.