मोकळी जागा

चर्चापीठांच्या आज्ञावली लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली, आणि प्रत्युत्तरांची वंशवेल पडद्यावर माझ्याइतकी सुबक कोणी उमटवत नाही, हा गर्व मी मनात जपला होता. गेल्या महिन्यात तो उतरला. एका दिवंगत सदस्याच्या कन्येने वडिलांचे लेखन काढून टाकण्याची विनंती केली, मी ती तत्काळ मंजूर केली, आणि मूळ मजकुराबरोबर त्याखाली नऊ वर्षे साठलेली इतरांची उत्तरेही नाहीशी झाली. कारण जनक गेला की संतती पुसावी, असा हुकूम मीच लिहून ठेवला होता.

बॅकअपमधून ती परत आणली खरी. परंतु ज्यांच्या पालक-क्रमांकाला आता धनीच उरला नव्हता, ती उत्तरे टांगावीत कोठे? मूळ मजकुराच्याही वरच्या आजोबांच्या पदरी घातली, तर त्यांनी न केलेले विधान त्यांच्या माथी येते. अव्वल पंक्तीत आणली, तर 'छे, मुळीच नाही' एवढेच उत्तर प्रश्नावाचून बेवारस उभे राहते.

हा पेच जुना आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकीय शिक्षण-यंत्रणेवर एका खुल्या फाइलीत कोणीही कोणाचाही मजकूर बिनदिक्कत खोडू शके, म्हणून १९७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, डेव्हिड वूली यांनी 'नोट्स' रचले. त्यात टिपणाखाली उत्तरांची सरळ रांग होती, वृक्ष नव्हताच. यूजनेट या चर्चाजालावर मात्र लेख नाना मार्गांनी येत, कधी उत्तर आधी पोचे आणि प्रश्न मागाहून. तेथे उत्तराच्या माथ्यावर पूर्वजांचे क्रमांक नोंदण्याचा दंडक पडला, आणि त्यांवरून नेटस्केपच्या टपाल-वाचकासाठी धागे जुळवताना जेमी झविन्स्की यांनी न सापडलेल्या पूर्वजाच्या जागी रिकामे पात्र मांडले. ही रीत मला ठाऊक होती; माझ्या वृक्षाला भोक दिसेल, एवढ्याच धास्तीने मी ती नाकारली.

२००० साली आलेल्या पीएचपीबीबी आणि २०१३च्या डिस्कोर्स या चर्चापीठ-आज्ञावलींनी पुन्हा सरळ रांगच पत्करली. तिला मी पळवाट म्हणत आलो आणि आजही म्हणतो, कारण कोण कोणाला बोलले हे एका नजरेत न सांगणारे दफ्तर मला अपुरे वाटते. परंतु त्या रांगेत एक मजकूर गेल्याने दुसऱ्याचा बळी जात नाही, हे मान्य करायला मला हा प्रसंग यावा लागला.

माझ्याकडे शिकणारा मुलगा म्हणाला, "सर, ती जागा मोकळीच ठेवली तर?"

आता तेथे एक ओळ आहे : 'हा मजकूर काढला आहे.' तिच्याखाली चौतीस उत्तरे आहेत.