चारच्या दोन

माझ्या यादीत सात ठिकाणं होती. रंधा धबधबा, भंडारदरा धरण, जलाशयाभोवतीचा रस्ता, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा आणि थोडं पुढं जाऊन बारी गावातून कळसूबाईचं दर्शन. हातात दिवस एक. ऑगस्टचा शेवटचा रविवार.

एकच दिवस, कारण अब्बांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असतं. शनिवारच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं वाटतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, घेऊन जा, पण रात्र बाहेर नको आणि पाणी मोजूनच. त्यांना दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय.

श्रीरामपूरपासून भंडारदरा सुमारे सव्वाशे किलोमीटर. बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. थांबत गेलं तर जायला पाच तास, परत यायला चार. फजरनंतर निघून मगरिबच्या आत घरी यायचं म्हटलं, तर तिकडं फिरायला उरतात तीन-साडेतीन तास. तरीही मी प्रत्येक ठिकाणापुढं वेळ लिहून सातही बसवली होती. कुठं वीस मिनिटं, कुठं पंधरा.

अब्बांनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाले, "इत्ता सब? और उतरने का कब?"

मग त्यांनी विचारलं, "पाटाचं पाणी निघतं ती जागा यात कुठंय?"

ती नव्हती.

अब्बांनी चाळीस वर्षं बागवानी केली. मोसंबी-पेरूच्या उभ्या बागा ठरवायच्या, फळ उतरवायचं आणि मार्केटला पाठवायचं. झाडावरचं फळ बघून ते वजन सांगायचे. पण बागेचा भाव ठरवण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, आवर्तन कधी आहे? पावसाळ्यात सकाळी पेपर आला की आधी धरणाचा आकडा. पंधरा ऑगस्टपर्यंत भंडारदरा भरला की आमच्या घरात ईदची खरेदी सढळ व्हायची. ज्या धरणावर घर चाललं, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता मोसंबीही त्यांना बंद आहे, पोटॅशियममुळं.

मी यादी पुढं केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी सांदण दरी खोडली. पावसाळ्यात तिथं उतरता येत नाहीच. मग घाटघर. त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, तिथं धुक्यात काय दिसणार? कळसूबाईवर त्यांचं पेन थांबलं. "महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे, 1646 मीटर," मी वकिली केली. "ते कुठं जात नाही," ते म्हणाले आणि रेघ मारली. रतनवाडी आणि जलाशयाची फेरीही गेली.

मी जरा नाराज झालो. तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, सफर में अल्लाह ने चार की दो कर दी, तू सात पे अड़ा है."

मुसाफिराला जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोनच पढायच्या असतात. आमच्याकडं सुमारे 78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर ही सवलत. लहानपणापासून हे माहीत होतं. सहलीच्या कागदाला ते लागू होतं, हे कधी सुचलं नव्हतं.

उरली तीन ठिकाणं, ओझर धरून. तिन्ही एकाच नदीवर, प्रवरेवर.

सहाला निघालो. लोणीच्या पुढं वाट थोडी वाकडी करून ओझरच्या बंधाऱ्यावर गेलो. इथून प्रवरेचे दोन पाट फुटतात. डावा आमच्याकडं येतो, उजवा राहुरीकडं. अब्बा अर्धा तास उभे राहिले. मी कागदावर या जागेला दहा मिनिटं दिली होती. कोणत्या गावची कुठली बाग या पाण्यावर होती, हे ते अम्मीला सांगत होते आणि अम्मी "मालूम है" म्हणत ऐकत होती.

संगमनेरला चहा. अब्बांनी अर्धा कप घेतला आणि अम्मीनं तो वहीत लिहिला. अकोल्यानंतर डोंगर जवळ आले, भातखाचरं हिरवीगार झाली. वाटेत निळवंडे. भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी आधी इथं अडतं, मग नदीतून ओझरला जातं. राजूरचे पेढे घेतले, घरी न्यायला. रंध्याला धबधब्याचे तुषार अंगावर आले तेव्हा अब्बा म्हणाले, "हे वहीत लिहायचं का?"

अकराच्या सुमारास धरणाची भिंत समोर आली. दगडी, काळी, ओली. काम 1910 ला सुरू झालं, 1926 ला पूर्ण झालं. उंची 82 मीटर. मी हे सगळं पाठ करून आलो होतो, पण सांगितलं नाही. अब्बा गाडीच्या दाराला धरून बघत होते. सांडव्यातून पाणी सुटलेलं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भरलाय."

अम्मीनं डबा उघडला. पराठे, खिमा, अब्बांसाठी बिनमिठाची भाजी. जोहरला रस्त्याकडेच्या गवतावर चादर अंथरली. अब्बांनी वुजू अगदी थोड्या पाण्यात केला, सवयीनं. ते खुर्चीवर, मी शेजारी, दोनच रकाती. पढून झाल्यावरही ते बराच वेळ बसून राहिले. रतनवाडीकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग समोरून सरकत होती. घड्याळात दीड वाजला होता. मनातल्या मनात मी हिशेब केला, आत्ता निघालो तर अमृतेश्वर अजूनही जमेल. अब्बांकडं पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली.

दोनला निघालो. मगरिबच्या अजानला श्रीरामपुरात होतो. मंगळवारी दवाखान्यात जाताना पाटावरच्या पुलाजवळ अब्बांनी गाडी हळू करायला सांगितली. काच खाली केली आणि पाण्याकडं बघत म्हणाले, "आपण पाहिलंय ते."