निसटण्याची भीती

पेन बनवून घ्यायला आलेला माणूस आधी रंग विचारतो, मग निब विचारतो. पकडीबद्दल बोललाच, तर एवढंच म्हणतो, "जरा जाड करा, हाताला बरं पडतं." मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ शिकलो आणि आता एबोनाइट, अ‍ॅक्रिलिकची शाईपेनं एकेक करून कातून बनवतो. या कामात माझं मत जाडीपासून बरंच लांब गेलं आहे. पेन बारीक आहे म्हणून हात दुखणं फार क्वचित घडतं. हात दुखतो, कारण बोटं पेनाला गरजेपेक्षा जास्त आवळून धरतात. आणि आवळून धरतात, कारण पेन निसटेल अशी भीती त्यांना सतत असते. लिहिणाऱ्याच्या मनाला ती कळत नाही, बोटांना कळते. निब आणि बॅरल यांच्यामधला बोटाच्या पेराएवढा तुकडा म्हणजे सेक्शन. त्याचा आकार ठरवताना मी ही भीती घालवण्याचाच विचार करत असतो.

या भीतीवर शास्त्रीय कामही झालेलं आहे. स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक छोटी वस्तू उचलायची आणि तिचा पृष्ठभाग बदलत राहायचा: कधी रेशीम, कधी मऊ चामडं, कधी पॉलिश पेपर. वजन तेच असूनही रेशमावर माणसांची चिमटी घट्ट होई, पॉलिश पेपरवर सैल पडे. हे कुणी ठरवून करत नव्हतं. त्वचेला जाणवणाऱ्या घसरणीवरून मेंदूच जोर ठरवत होता आणि वस्तू सुटू नये म्हणून लागतो त्याहून थोडा जास्त ठेवत होता. पेन बनवणाऱ्याला यात पुष्कळ काही मिळतं. चकचकीत, निबेकडे उतरत गेलेल्या, घामानं ओलसर सेक्शनवर "हात सैल सोडा" असं कितीही सांगा, हात सुटणार नाही.

खरं तर शाईपेनाला दाब जवळजवळ लागतच नाही. निबेखालच्या जिभेच्या बारीक चरांतून आणि निबेच्या फटीतून शाई केशाकर्षणानं टोकापर्यंत आलेलीच असते. टोक टेकलं की कागद तिला ओढून घेतो. बॉलपेनात मात्र गोळी फिरवावी लागते, म्हणून पेन उभं धरायचं आणि रेटायचं. आपल्यापैकी बहुतेकांचा हात याच रेट्यावर घडला आहे. तो हात शाईपेनावर येतो तेव्हा जुना जोर घेऊनच येतो. लिहून हात दुखण्याची तक्रार मात्र बॉलपेनाहून कितीतरी जुनी आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामामुळे होणाऱ्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला. १७१३च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखण्याची भर घातली आणि तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. पिसांनी लिहिण्याच्या काळातलं हे निदान आजच्या हातालाही लागू पडतं.

म्हणून मापं घेताना मी कुणाला सही करायला सांगत नाही. सही म्हणजे सवयीचा एक झटका असतो, त्यातून पकड दिसत नाही. मी पानभर मजकूर लिहायला देतो आणि अर्धं पान होईपर्यंत गप्प बसतो. तेवढ्यात माणूस आपण पेन तपासतोय हे विसरतो. मग मी अक्षराकडे न बघता तर्जनीच्या नखाकडे बघतो. बोट दाबलं गेलं की नखाखालचं रक्त सरकतं आणि नखाचा पुढचा भाग पांढरा पडतो. शेवटचा सांधा उलटा, आतल्या बाजूला वाकलेला असेल तर जोर आणखी जास्त. पान उलटून मागून बोट फिरवलं की कागदावर उठलेल्या खुणांवरून उरलेलं कळतं.

दुसरं माप बोटांच्या जागेचं. त्यासाठी माझ्याकडे ११ मिमी जाडीचं, सरळ, मॅट काळ्या एबोनाइटचं एक चाचणीचं पेन आहे. त्याला पायरी नाही, आटे नाहीत, उतार नाही. बोटांना किंचित खडूची पूड लावून लिहिलं की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट नेमकं कुठं टेकतं त्याचे ठसे उठतात. निबेच्या टोकापासून ते अंतर मी वर्निअरनं मोजतो. कुणाची तर्जनी टोकापासून २५ मिमीवर असते, कुणाची ४०वर. सहा नंबरची निब सेक्शनबाहेर साधारण २२-२३ मिमी येते. म्हणजे पहिल्या माणसाचं बोट सेक्शनच्या ओठावर टेकलेलं असणार आणि दुसऱ्याचं टोपणाच्या आट्यांच्या जवळ. दोघांनाही "पेन टोचतं" असंच वाटतं, पण टोचण्याची जागा वेगळी आणि उपायही वेगळा. पहिल्याला मी पाच नंबरची छोटी निब सुचवतो, दुसऱ्याला लांब सेक्शन. जाडी दोघांचीही तीच ठेवली तरी चालते. मी जाडीपेक्षा अंतराला मान देतो तो यासाठी.

आपल्या लिपीचा विचार इथं करावाच लागतो. देवनागरीत हात वर-खाली फार जातो. 'मूर्ती' हा एक शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी आणि रफार, आणि शेवटी डावीकडून उजवीकडे शिरोरेषा. बोटं आखडून खाली यायची, पसरून वर जायची, मग मनगटासह पूर्ण हात सरकून आडवी रेघ ओढायची. एकेका शब्दाला पेन अनेकदा उचललं जातं. उचललेलं पेन दर वेळी हातात किंचित फिरतं, बोटं किंचित सरकतात आणि परत टेकतात. मोडी लिहिणारे आधी ओळभर शिरोरेषा आखून घेत आणि मग अक्षरं तिला खाली लोंबवत हात न उचलता पुढं जात. तिथं हाताची चाल वेगळीच होती. आजच्या बाळबोध लिहिणाऱ्या हाताला मात्र सेक्शनवर थोडी मोकळी जागा हवी. बोटं एकाच खाचेत अडकवून ठेवली तर उकार आणि वेलांटी दोन्ही आखडतात.

म्हणूनच हातानं बनवलेल्या पेनावर तीन बाजूंची पकड करून द्यायला मी तयार होत नाही. १९८० साली आलेल्या लामी सफारीनं ही पकड लोकप्रिय केली. ती शाळकरी मुलांसाठी विचारपूर्वक केलेली होती. अंगठा आणि तर्जनीसाठी दोन सपाट बाजू, म्हणजे मूल पेन योग्य जागी आणि निब सरळ ठेवून धरायला शिकतं. शिकणाऱ्या हातासाठी ती उत्तमच आहे. पण चाळिशीच्या माणसाची पकड ठरून गेलेली असते. कुणी तीन बोटांनी धरतं, कुणी चार, कुणाचा अंगठा तर्जनीच्या वरून पलीकडे जातो. या सगळ्या पकडी चालणाऱ्या आहेत. त्या माणसानं आयुष्यभर तसंच लिहिलेलं असतं. त्याच्यासाठी पेन बनवायचं आणि पेनानंच त्याला पकड शिकवायची, हे मला पटत नाही.

मग आकार कसा ठेवायचा? निबेकडे सरळ उतरत जाणारा सेक्शन कातायला सर्वांत सोपा आणि दिसायला नाजूक असतो. पण तो घसरणीच्या दिशेनंच उतरतो, म्हणजे बोटांना भीतीचं कारण आपण हातानं कातून देतो. उलट टोक म्हणजे खोल कंबर. तिच्यात बोटं घट्ट बसतात आणि एकाच जागी कैद होतात. मला मधली वाट आवडते: लांब आणि उथळ कंबर. २० मिमी लांबीत एका बाजूनं फक्त अर्धा मिमी खोली ठेवली, तर त्या वक्राची त्रिज्या १०० मिमी भरते. डोळ्याला तो जवळपास सरळच वाटतो. बोटाला मात्र खाली उतार संपून पुन्हा चढ लागतो हे लगेच कळतं, आणि तेवढ्यावर त्याची चिमटी सैल होते. पुढच्या कडेला ओठ द्यायचा, अगदी पाव-अर्ध्या मिमीचा आणि गोलसर. बोट त्याला क्वचितच लागतं. पण तो आहे एवढ्यानंच बोटं निर्धास्त होतात.

कंबर किती बारीक करायची याला आतून बंधन असतं. तयार निब-युनिटसाठी आत सुमारे साडेसात मिमीचे आटे पाडावे लागतात. भोवती एबोनाइटची भिंत किमान मिलिमीटरभर तरी हवी, नाहीतर युनिट आवळताना सेक्शन तडकतो. म्हणजे साडेनऊच्या खाली जायचं नाही. माझे बहुतेक सेक्शन कंबरेला १० ते ११च्या दरम्यान असतात.

बोटांना सर्वांत जास्त छळतात ते आटे आणि पायरी. टोपण फिरवून बसायचं तर सेक्शनमागे १३ मिमीचे आटे येतात, त्यामागे १४चं बॅरल. बोट लांब धरणाऱ्याला हे सगळं हाताखाली येतं. आट्यांची धार पॉलिश पेपरनं मोडून माथे सपाट केले तर निम्मी तक्रार तिथंच संपते. तिहेरी आटे पाडले तर टोपण एका फेऱ्यात सुमारे अडीच मिमी पुढं जातं, मग आट्यांचा पट्टाही आखूड ठेवता येतो. पायरी काटकोनात न सोडता तिला उतार द्यायचा. काही कारागीर आटे पुढं निबेजवळ नेतात, म्हणजे बोटं त्यांच्या मागं मोकळी राहतात. लांब धरणाऱ्यांसाठी ही फार चांगली युक्ती आहे. जवळ धरणाऱ्यांना ती देऊ नये.

पदार्थाबद्दल माझा कल उघड आहे. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेलं रबर. कातताना गंधकाचा वास कारखानाभर सुटतो. हाताला ते गार लागत नाही, कारण उष्णता फार हळू वाहून नेतं. बॅरलमध्येच शाई भरायच्या ड्रॉपर पेनात याचा आणखी एक उपयोग होतो. हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाईचा थेंब कागदावर पडतो. एबोनाइटमुळे ते कमी होतं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेनं पेनं करायला घेतली. त्यांचं पेन गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींना पोचलं आणि १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी ते वापरून पाहिल्याचं त्यांना पत्रानं कळवलं. एबोनाइटच्या हातपेनांची ती परंपरा आंध्र-तमिळनाडूत आजही चालू आहे, आणि मॅट एबोनाइटची तिथली पेनं घामेजलेल्या हातात किती स्थिर राहतात हे प्रत्येक पेन बनवणाऱ्यानं एकदा धरून बघावं.

कारण पृष्ठभाग हीच अर्धी पकड आहे. बाकीचं पेन मी २००० नंबरच्या पेपरपर्यंत नेऊन बफ करतो. सेक्शनवर मात्र ८००ला थांबतो. गिऱ्हाईक कधी कधी नाराज होतं: "दादा, इथं चमक राहिली की." मी त्यांना दोन्ही प्रकार हातात देतो, मे महिन्यात तर मुद्दाम देतो. कोकणातून येणारे लोक लगेच मॅट निवडतात.

धातूचा सेक्शन मी करत नाही. २२ मिमी लांब, ११ मिमी जाड सेक्शन एबोनाइटमध्ये दीड ग्रॅमच्या आत बसतो. तोच पितळेत केला तर साडेनऊ ग्रॅमच्या वर जातो. पुढं वजन आलेलं काहींना आवडतं, पण पितळेवरची चमक आणि घाम यांचा विचार केला की मला ते नको वाटतं. मागं वजन येणंही तितकंच वाईट. मोठ्या पेनाच्या शेपटीला टोपण लावलं की तोल अंगठ्याच्या बेचक्यामागं जातो, पेन मागं कलंडू बघतं आणि बोटं पुढून त्याला दाबून धरतात. मी मोठ्या पेनांचं टोपण मागं बसणारच नाही असं ठेवतो.

जाड सेक्शन खरोखर लागतो तो अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना. चिमूट मिटताना त्यांना तिथं कळ येते. एक निवृत्त शिक्षक आले होते. लिहिणं सोडावं लागेल असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं. त्यांच्यासाठी १३ मिमीची कंबर केली, पेन हलकं ठेवलं आणि निब भरपूर शाई सोडणारी बसवली, म्हणजे दाबायचा मोहच होऊ नये. "सर, पत्र लिहा आणि मला पाठवा," एवढंच मी म्हटलं. पत्र आलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मागून बोट फिरवलं तर कागद सपाट होता.

डावखुऱ्यांचं काम मात्र अजून माझ्या मनासारखं जमलेलं नाही. डावा हात निब ओढत नाही, ढकलतो. त्यातून हात ओळीच्या वरून वळवून लिहिणारे निराळे आणि ओळीखालून लिहिणारे निराळे. वळवून लिहिणाऱ्याच्या अंगठ्यावर सगळा भार येतो, आणि बोटं ओल्या शाईपासून दूर राहायला बघतात म्हणून पकड मागं जाते. त्यांच्यासाठी सध्या ३० मिमीचा सेक्शन आणि पुढं नेलेले आटे असा एक नमुना करतो आहे. त्याची कंबर नेहमीपेक्षा मागच्या बाजूला सरकवली आहे.

प्रत्येक पेनाच्या सेक्शनची मापं मी वहीत लिहून ठेवतो: ओठ, कंबर, कंबरेची जागा, लांबी. हात बदलतात. सांधे धरतात, ऑपरेशनं होतात, कुणी चष्मा बदलल्यावर पेन आणखी जवळ धरायला लागतं. अशा वेळी पूर्ण पेन नव्यानं करायची गरज नसते. बॅरल, टोपण, निब तीच ठेवायची आणि वहीतलं जुनं माप समोर ठेवून तेवढा सेक्शन पुन्हा कातून द्यायचा.