मोडीत निघालेली होडी

जूनमध्ये मासेमारी बंद झाली की कोकणात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. एखादी लाकडी होडी तशीच उघडी राहिली, की मालकाने तिच्यावरून हात उचलला हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. पुढे तिचं काय होतं, त्याची ही यादी.

इंजिन : सगळ्यात आधी उतरतं. फायबरच्या नव्या होडीत बसतं, नाहीतर विकलं जातं.

जाळी, नांगर, दोर : मालकाबरोबर पुढच्या होडीवर.

नाव : तेही बहुधा पुढच्या होडीवर.

सागवानी फळ्या : वरच्या भागातल्या धड निघाल्या तर बाकाला, दाराला गिऱ्हाईक मिळतं. पाण्याखालची फळी दिसते शाबूत. फोडली की आत करंगळी जाईल एवढाले बोगदे, समुद्री किड्याने पाडलेले, आतून चुन्यासारखं पांढरं अस्तर. ती चुलीत.

खिळे : भंगारवाला किलोवर घेतो. उपटताना फळी फाटते. गंजाने भोवतालचं लाकूड काळं पडलेलं असतं.

कापूस : तेल-राळ लावून फळ्यांच्या फटींत ठासलेला. निघतो तेव्हा काळा, कडक. कुणालाच नको.

फासळ्या : झाडावरच वाकड्या वाढलेल्या लाकडाच्या. सुताराने होडीची गोलाई मनात धरून एकेक निवडलेल्या. वाकड्या लाकडाची खुर्ची होत नाही. जळण.

पठाण : तळाचा लांब, जड सोट. उचलायचा खर्च परवडत नाही. खाडीच्या चिखलात पडून राहतो, त्यावर कालवं धरतात.

माप : कागदावर कधी नव्हतंच. ते सुताराच्या हातात आणि उभ्या होडीत. आता लाकडी होडीला मागणी नाही, म्हणून सुताराच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही. बाकी सगळ्याला चूल, भंगार किंवा चिखल तरी आहे. माप मात्र होडीबरोबर संपतं.

कागदावर माप असलं की गोष्ट वेगळी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकी नौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झालं, तेव्हा इंग्लंडहून नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. कोळ्याच्या होडीला पहिलीही प्रत नसते.

तेव्हा तुमच्या वाडीत यंदा एखादी होडी शाकारायची राहिली असेल, तर मालकाला विचारून ती मोजून घ्या. लांबी, रुंदी, खोली, दोन फासळ्यांमधलं अंतर. चारी बाजूंनी फोटो काढा. बांधणारा सुतार हयात असेल तर त्याला शेजारी बसवा आणि कुठलं लाकूड कुठे घातलं ते लिहून घ्या. टेप आणि वही पुरे. फक्त भंगारवाल्याच्या आधी पोचा.