तांब्याचा तळ

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं मन लावून केलं. निकालात श्रेणी कळली. ती का मिळाली, चित्रात कुठे काय हवं होतं, हे सांगणं परीक्षेचं कामच नव्हतं. घरी सगळे ‘छान’ म्हणाले. पुढे नोकरी आणि संसारात पेन्सिल हातातून सुटली. पन्नाशी उलटल्यावर पुण्यात घराजवळच्या एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि चित्रकला खऱ्या अर्थानं तिथे शिकू लागले.

सुरुवातीला सरांनी समोर वस्तू ठेवलीच नाही. कागदावर दोन ठिपके द्यायचे आणि ते एका दमात जोडायचे, एवढंच काम. मनगट टेकवून रेघ ओढली की ती वळते, कारण मनगटाभोवती हात लहानशा वर्तुळात फिरतो. खांद्यातून हात हलवला की ते वर्तुळ मोठं होतं आणि रेघ सरळ जाते. रेघांनंतर लंबगोल आले, पानंच्या पानं. मग कागदाकडे न बघता फक्त वस्तूच्या कडेवर नजर ठेवून रेघ चालवायचा सराव. किमॉन निकोलायडिस या अमेरिकन शिक्षकाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची सुरुवात अशाच सरावानं होते. त्यातून येणारं चित्र वेडंवाकडं असतं, पण नजर घाई करायची सोडते.

मग एके दिवशी टेबलावर पितळी तांब्या आला. वर्गातल्या बहुतेकांनी त्याचा तळ सरळ आडव्या रेघेनं काढला. टेबल सपाट आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि हात ते ठाऊक असलेलंच काढतो. सरांनी कुणाच्याही कागदाला पेन्सिल लावली नाही. शेजारी बसून ते मला विचारत गेले. “तांब्याचं तोंड तुमच्या नजरेच्या किती खाली आहे? आणि तळ? मग जास्त गोल काय दिसायला हवं?” गोल वस्तूची कड नजरेच्या पातळीला असेल तर ती रेघेसारखी दिसते, जसजशी खाली जाते तसतशी फुगत जाते. म्हणजे तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्तच हवा. पुन्हा बघितलं तर तो समोर होताच. त्याच बैठकीत तोच तांब्या नव्या कागदावर काढला. सूचना ऐकल्यावर लगेच तेच चित्र पुन्हा काढायचं, हा सरांचा नेम होता आणि आज मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. सूचना कानात ताजी असतानाच ती हातात उतरते.

शनिवारी सगळी चित्रं भिंतीला लावून आम्ही चार पावलं मागे उभे राहायचो. प्रत्येकानं दुसऱ्याच्या चित्रात जमलेली एक जागा दाखवायची आणि तपासून बघावी अशी एक. ‘आवडलं’ म्हटलं की सर विचारायचे, “कुठे?” एकदा इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा मला म्हणाला, “काकू, तांब्या आणि फुलपात्र क्षणभर विसरा. त्यांच्या मधली मोकळी जागा बघा. तिकडे ती खाली निमुळती होतेय, तुमच्याकडे खाली रुंद झालीय.” मी हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीनं मोजलं. त्याचं बरोबर होतं. मोकळ्या जागेला आकार असतो, तोही काढायचा असतो, हे मी माझ्या मुलाच्या वयाच्या सोबत्याकडून शिकले. दुसऱ्याच्या चित्राबद्दल नेमकं बोलायचं, तर ते आधी नेमकं बघावं लागतं. त्यामुळे सांगणाऱ्याचाही सराव व्हायचा.

तेच ते काढण्याचा कंटाळा यायचा, तेव्हा मला व्हॅन गॉगचा आधार वाटायचा. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं आणि शार्ल बार्ग या चित्रकाराची सरावासाठी छापलेली चित्रं समोर ठेवून त्यांच्या पुन्हा पुन्हा नकला काढल्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १८९० मध्येही तो त्या सरावचित्रांकडे वळला होता. सराव ही नवशिक्यानं ओलांडून जायची पायरी असती, तर तो परत कशाला गेला असता?

आता घरी एकटी काढते तेव्हा तपासणीही मलाच करावी लागते. चित्र आरशात बघते, म्हणजे एका बाजूला झुकलेला तांब्या लगेच कळतो. लिओनार्दोनंही चित्रकारांना आरशाचा सल्ला दिला आहे. डोळे किलकिले करते, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड, छाया यांचे मोठे भाग तेवढे उरतात. या युक्त्या उपयोगी पडतात, कारण काय विचारायचं ते वर्गानं शिकवलं आहे.

कौतुकानं मला बळ दिलं, हे खरं. पण मला पुढे नेलं ते समोरच्या वस्तूवर पडताळून बघता येईल अशा सूचनेनं. ती पटली की सांगणाऱ्याचा अधिकार, वय, नाव काहीच आड येत नाही. म्हणून कुणी चित्रकलेचा वर्ग निवडताना सल्ला विचारला, तर मी दोनच गोष्टी बघायला सांगते: तिथे चित्रातली नेमकी जागा दाखवतात का, आणि दाखवल्यावर तेच चित्र पुन्हा काढायला वेळ देतात का. हे दोन्ही असेल, तर कुठल्याही वयात जावं.